सवाई

फॉर्मात सदतीस रकाने.
छत्तीस मी जेवणाच्या सुट्टीआधीच भरले.
पीक: लाखोरी. गुणसूत्रं: सात जोड्या.
नमुना: कोवळी पानं, बर्फात ठेवून आणलेली
(मनसरच्या पुढं बर्फ नव्हता, गार पाणी होतं. हे लिहिलं नाही).
चारच अक्षरांत लिहिलेली
सहा अब्जांहून जास्त अक्षरं.

सदतिसावा रकाना: परवाना.
कर्सर तिथं उघडझाप करत बसलाय.
कूलरच्या जाळीतून ओल्या गवताचा वास
आणि मे महिन्यातलं नागपूर
काचेला पाठ लावून उभं.

ढोमणे सर म्हणाले, पेपर छापून येईस्तोवर
कुलूप राहू दे.
मग चष्मा पुसत म्हणाले,
बघ बुवा, नमुना तू आणलास.

मी नाही आणला.
देवलापारच्या अलीकडं, धानाच्या बांधीत
फुलवंता कुंभरेनं वाकून तो खुडला.
धान उभं असतानाच ती चिखलात बी फेकते,
नांगर नाही, खत नाही;
धान कापून गेल्यावर
मागं राहिलेल्या ओलीवर निळी फुलं येतात.

"मले कायले विचारते? हे बी माहं नाही.
नणदेनं देल्लं. तिले तिच्या मावशीनं.
घेऊन जा न.
बी मागणाऱ्याले नाही म्हणू नये.
पण सवाईनं देजो."

पायली नेली तर सव्वा पायली.
सुगी झाल्यावर, न मागता.

मी गाडीला किक मारली तेव्हा
मागून ओरडली,
"तीन पाण्यातून काढजो वं बाई!
पहिलं पाणी फेकजो, दुसरं फेकजो,
नाही त गुडघे धरते!"

सहा अब्ज अक्षरं चाळली.
विष कुठं कमी बनतं, ती जागा
थोडीफार सापडली म्हणू.
तीन पाणी कुठंच सापडलं नाही.

रकान्यावर बोट ठेवलं की पर्याय उघडतात:
सर्वांना खुला.
नाव दिल्यास खुला.
विनंतीवरून.
बंद.
सवाई नाही त्यात.

मग मी आधी मागं गेले.
अक्षांश-रेखांशाचे शेवटचे तीन आकडे खोडले.
तालुका कळेल, बांध कळणार नाही;
उद्या कुणी तिच्या दारात
रिकामी पोती घेऊन गाडी लावायला नको.
संकलक: माझं नाव काढलं,
फोन करून तिला विचारलं, तिचं टाकलं.
"नणदेचंही टाक."
टाकलं. बयना टेकाम.
आणि मावशीचं?
पलीकडं बराच वेळ कोंबड्यांचा आवाज.
"ते कोणाले आठवते आता."

वर्णनात तीन पाणी लिहिलं, क्रमानं.
परवान्यात दुसरा पर्याय निवडला.
खाली टीप लिहिली:
हा डेटा कुणीही न्यावा, कुलूप नाही.
यातून जे उगवेल त्यातलं थोडं
या बांधीकडं परत यावं,
तिथल्या माणसांना वाचता येईल अशा भाषेत.
नवं काही करण्याआधी गावाला विचारावं,
संध्याकाळी सातनंतर, तेव्हा बाया घरी असतात.

यंत्र म्हणालं, टीप फार लांब आहे.
एकशे वीस अक्षरांत बसवा.

सहा अब्ज गिळलीस की रे मघाशी,
एक ढेकरही न देता.

कापत गेले. बाया गेल्या, सात वाजले ते गेले,
भाषा गेली, गाव कसंबसं राहिलं.
उरलं ते असं:
न्यावं. गावाला विचारावं. सवाईनं परत द्यावं.
'सवाईनं'च्या खाली लाल रेघ आली.
ती तशीच ठेवली.

पाठवलं.
चार टक्के. चार टक्के. पाच.
लाइट गेली, कूलर थांबला,
बॅटरीवर संगणक तेवढा चालू.
टेबलावर काचेच्या बाटलीत
मूठभर लाखोरी, चाचणीतून उरलेली.
ती द्यायला मृगाच्या आधी जाईन.

वरची पाव मूठ कुठून आणायची,
ते अजून ठरलेलं नाही.